पत्रं आणि बखर जुळत नाहीत, तेव्हा काय करावं?

जुनी वही:
वय ४४. शाळेतला इतिहास म्हणजे सनावळ्या. पेपर संपला की पुसून टाकायच्या. गेल्या वर्षी वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी इतिहासकार राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चा १८९८ सालचा पहिला खंड मला मोठ्याने वाचायला लावला. पहिले दोन दिवस जीभ अडखळत होती. तिसऱ्या दिवशी पानिपतावरच्या मराठी फौजेचे सेनापती भाऊसाहेब यांची, पेशव्यांचे उत्तरेतले अधिकारी गोविंदपंत बुंदेले यांना पत्रं आली: यमुनेवर नावा गोळा करा, पैका पाठवा. साल १७६०. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर काय होणार ते मला ठाऊक. लिहिणाऱ्याला नाही, तो होड्यांच्या काळजीत. मला पुढची ओळ वाचवेना. वडिलांना आता नीट दिसतं, पण पुस्तक माझ्याचकडे आहे.

अडचण अशी की बखर उघडली तर तिथे वेगळंच. खरं कोणाचं धरायचं? आणि पत्रांतलं 'इहिदे सितैन मया व अलफ' काय असतं?

कालगणना:
तो शुहूर सन, जुन्या मराठी कागदांतलं वर्ष, अरबी आकडे शब्दांत. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, मिळून ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होतं. म्हणून इसवी सन काढायला डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा, जानेवारीपासून ६००. दोन-चार पत्रं स्वतः सोडवा, मग हात बसतो.

दप्तर:
ताई, 'खरं कोणाचं' याआधी तीन गोष्टी विचारा: कोणी लिहिलं, कधी, कोणासाठी. बखर घटना होऊन गेल्यावर, ऐकणाऱ्यासाठी रचलेली. फौजेच्या आकड्यांसाठी तिच्यावर विसंबू नका, पण टाकूनही देऊ नका. पराभव लोकांच्या मनात कसा राहिला, ते तिच्यातच सापडतं. आणि पत्रही निर्मळ नसतं बरं का! पैका मागणारा आपली निकड वाढवून सांगतो, देणारा आपली ओढाताण.
यानंतर काशीराज पंडिताची हकिकत घ्या. माणूस अब्दालीच्या बाजूच्या, अवधच्या नवाब शुजाउद्दौलाच्या पदरी, वाटाघाटींत स्वतः वावरलेला. पलीकडच्या छावणीतून पानिपत दिसतं. लिहिलं मात्र फारसीत, आणि जवळपास वीस वर्षांनी, तेही लक्षात ठेवा.

एकच वर्ष:
शिवकाळापासून सगळं वाचायच्या मागे लागू नका. १७६० धरलंय तर तेच धरून बसा.

जुनी वही:
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री चार पत्रांचे सन सोडवले, चारही बरोबर आले! पत्रं आता तारखेने लावून वाचतेय, बखरीतला तोच प्रसंग शेजारी उघडा ठेवून. काशीराज पुढच्या महिन्यात. वडील म्हणतात, आधी गोविंदपंतांनी पैका पाठवला का ते बघ. गोविंदपंत डिसेंबरातच मारले गेले, हे मी पुढे चाळून पाहिलंय. वडिलांना अजून सांगितलेलं नाही.