१८ पूर्ण झाली, आता पोरानं झोपायचं कुठं?

प्रश्न: कोल्हापुरात सीबीएसजवळ (मध्यवर्ती बस स्टँड) माझी चहाची गाडी आहे. बालगृहातनं बाहेर पडलेला एक पोरगा आठ दिवस फलाटावरच झोपतोय. पिशवीत दोन शर्ट आणि प्लास्टिकात गुंडाळलेला दहावीचा दाखला. रात्री तीच उशाला. खोली बघायला गेलो, तर मालक विचारतो, "आई-वडील कुठायत?" आतनं लई तुटतं. काय करू?

उत्तर १: भावा, त्याला जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात घेऊन जा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात १८ नंतर २१ वर्षांपर्यंत आधाराची तरतूद आहे. अनुरक्षण गृहाबद्दल, म्हणजे १८ नंतर बालगृहातनं बाहेर पडलेल्या पोरांच्या राहायच्या सोयीबद्दल, विचार.

उत्तर २: आई-वडील नसतील तर अनाथ प्रमाणपत्राचंही बघा. नोकरी-शिक्षणात १ टक्का आरक्षण आहे.

प्रश्नकर्ता: उद्या गाडी बंद ठेवून जातो. आज रात्री जेवायला त्याला घरीच नेतोय.