वाडीतलं नेट नेमकं कुठे तुटतं, ते कसं शोधायचं?

हिशेबवाली (देवरुख)
नमस्कार. मी देवरुखजवळच्या वाडीत राहते, घरूनच जीएसटीचं काम करते. २२ दुकानदारांची रिटर्न्स माझ्याकडे आहेत. फायबर आणि कामाचा ईमेल, दोन्ही एकाच कंपनीचे. गेल्या महिन्यात चार वेळा नेट गेलं. त्यातलं एकदा २० तारखेला, म्हणजे ३बी हे महिन्याचं जीएसटी रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी. लॅपटॉप पिशवीत घालून भर पावसात भावाकडे साखरप्याला गेले आणि रात्री साडेअकराला शेवटचं रिटर्न भरलं. लोक माझ्या भरवशावर असतात हो, उशीर झाला तर दंड त्यांना बसतो.

कस्टमर केअरला फोन केला की एकच उत्तर, "आमच्याकडे सगळं चालू दिसतंय, राउटर बंद करून चालू करा." डाउनडिटेक्टरवर, म्हणजे कुठली सेवा बंद आहे ते दाखवणाऱ्या साइटवर बघावं तर तिथेही सगळं शांत. एकदा तर नेट चालू होतं, पण दोन तास मेलच आले नाहीत. ते मेल हरवतात का? आणि बिघाड आमच्याच भागात आहे हे कंपनीला पटवायचं कसं?

जुना लाइनमन
ताई, एक्स्चेंजमध्ये आणि खांबांवर माझी तीस वर्षं गेली. पहिलं काम, राउटरला हात लावायच्या आधी फायबर ज्यात येते त्या डब्यावरचे (ओएनटीचे) दिवे बघा. 'लॉस'चा दिवा लाल लुकलुकतोय म्हणजे तुमच्यापर्यंत उजेडच पोचत नाही, केबल कुठेतरी तुटली आहे किंवा पलीकडचं मशीन बंद आहे. 'पॉन' हिरवा स्थिर आहे आणि तरी नेट नाही, मग तुमची तार शाबूत आहे, दोष लॉगिनमध्ये किंवा पुढे. फोनवर "नेट चालत नाही" म्हणू नका, "लॉस लाल आहे, २ वाजून १० मिनिटांपासून" असं सांगा. समोरच्याला लगेच वेगळी तक्रार लिहावी लागते.

मग शेजारी विचारा. एक फायबर स्प्लिटरवर फोडून ८, १६, ३२ घरांना दिलेली असते. तुमचंच गेलं तर घराकडे येणारी तार. तुमच्या ओळीतली सगळी घरं गेली तर स्प्लिटर किंवा त्यामागची केबल. अख्खं गाव गेलं तर मोठ्या रस्त्यावर जेसीबी लागला असं समजा.

विजेची वेळही लिहा, हे फार कुणी करत नाही. वीज गेली आणि तास-दीड तासाने नेट गेलं, असं दर वेळी होत असेल तर केबल ठीक आहे, पलीकडची बॅटरी मेलेली आहे. आणि पाऊस पडून गेल्यावर नेट लपंडाव खेळत असेल तर जॉइंटच्या डब्यात पाणी. ब्राउझरमध्ये ओएनटीचं पान उघडलं की रिसिव्ह पॉवर, म्हणजे तुमच्यापर्यंत पोचणाऱ्या उजेडाची ताकद दिसते, ती रोज टिपा. उणे २० ते उणे २४ ठीक. उणे २७ च्या खाली गेली की नेट येतं-जातं.

सर्व्हरवाला, पुणे
मेलचं सांगतो. तुमचा मेल सर्व्हर बंद असला तरी पाठवणाऱ्याचा सर्व्हर मेल टाकून देत नाही, रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, साधारण चार-पाच दिवस. त्यामुळे मेल उशिरा येतात, सहसा हरवत नाहीत. पण ओटीपी तोवर बाद होतो, म्हणून ओटीपीसाठी दुसऱ्या कंपनीचा ईमेल ठेवा. मेल अडला की मोबाइल डेटावर वेबमेल उघडून बघा. तिथे उघडलं तर गडबड घरच्या लाइनची किंवा डीएनएसची (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी यंत्रणा), तिथेही नाही तर सर्व्हरची. १४ डिसेंबर २०२० ला जीमेल पाऊण तास बंद होतं, तेव्हा लोकांचं नेट ठणठणीत होतं.

डाउनडिटेक्टर लोकांच्या तक्रारी मोजतो आणि नेहमीपेक्षा जास्त आल्या तरच आलेख चढतो. चाळीस घरांची वाडी तिथे दिसणारच नाही. तुमची नोंद तुम्हालाच ठेवावी लागेल.

नियमवाचक
प्रत्येक तक्रारीचा डॉकेट नंबर, म्हणजे तक्रार क्रमांक, घ्याच. ट्राय, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था, तिच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे तारेच्या ब्रॉडबँडचा बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर ग्राहकाला भरपाई द्यावी लागते. उत्तर पटलं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, त्याला फी नाही.

हिशेबवाली (देवरुख)
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः काकांचे. वाडीतल्या नऊ घरांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. नेट गेलं की प्रत्येकाने फक्त वेळ आणि दिव्याचा रंग लिहायचा. मी ते कालनिर्णयवर त्या-त्या तारखेच्या चौकटीत उतरवते, वीज लाल पेनाने, पाऊस निळ्याने. तीन आठवड्यांत पाच वेळा गेलं. पाचही वेळा देवळापलीकडची सहा घरंच, आणि पाचही वेळा निळ्या चौकटीत. आमची पॉवर एरवी उणे २३, त्या दिवशी उणे २८.

त्या पानाचा फोटो डॉकेट नंबरासकट पाठवला आणि चौथ्या दिवशी कंपनीचा मुलगा आला. मोरीजवळच्या आंब्याखाली जॉइंटचा काळा डबा गवतात पडलेला होता. त्याने झाकण उघडलं तर वाटीभर गढूळ पाणी त्याच्या बुटावर सांडलं. त्याने नवा जॉइंट मारला, आणि मी तिथेच उभी राहून डबा खांबावर वर टांगून घेतला. काल दिवसभर कोसळला, पॉवर उणे २२.

काका, बॅटरीचं मात्र राहिलंय. मंगळवारी वीज गेली आणि पन्नास मिनिटांनी अख्ख्या वाडीचे दिवे लाल झाले. ही तक्रार वेगळ्या डॉकेटवर टाकू ना?