शब्दचर्चा: ‘अस्तु’ म्हणजे ‘असो’ का?

प्रश्न: सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटाचे नाव ‘असो’ या अर्थाने घ्यावे का? ‘अस्त’शी त्याचा काही संबंध आहे का? ‘अस्तू’ असे लिहिलेले चालेल का?

उत्तर: ‘अस्त’शी संबंध नाही. ‘अस्तु’ हे ‘अस्’, म्हणजे असणे, या संस्कृत धातूचे आज्ञार्थी, तृतीयपुरुषी एकवचन आहे. त्यात मावळणे नसून असण्याचाच उच्चार आहे.

‘असो’ हे ‘असणे’चे तसेच रूप असल्याने व्याकरणाच्या दृष्टीने ही दोन्ही सख्खी भावंडे आहेत, पण नको झालेला विषय बाजूला सारताना आपण ‘असो’ म्हणतो आणि त्यात पुष्कळदा एक सुस्कारा असतो. पुण्याहवाचनात ‘शांतिरस्तु, पुष्टिरस्तु, तुष्टिरस्तु’ असे म्हणतात, किंवा कथेतला देव ‘तथास्तु’ म्हणतो, तेव्हा काही सोडून दिलेले नसते, दिलेले असते.

चित्रपटातले चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) संस्कृतचे मोठे विद्वान आहेत आणि स्मृतिभ्रंशाने त्यांची एकेक ओळख पुसली जात आहे. रस्त्यात दिसलेल्या हत्तीच्या मागे ते निघून जातात. मुलगी इरा त्यांना शोधत असते आणि ते मात्र माहुताच्या बायकोला, चन्नम्माला, आई मानू लागतात. (या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना २०१३ सालच्या चित्रपटांसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो अगदी योग्य होता.) विद्वान, वडील ही नाती गळून पडल्यावर माणसाचे नुसते ‘असणे’ उरते. इरेला ते स्वीकारणे फार जड जाते, कारण वडिलांनी तिला विसरणे म्हणजे तिचे मुलगी असणेही डळमळणे आहे. चन्नम्मा त्यांना लेकरासारखे सांभाळते.

म्हणून मला ‘असो’पेक्षा ‘असू दे’ हा प्रतिशब्द जवळचा वाटतो. लेकराच्या हातून दूध सांडले आणि ते घाबरून आईकडे पाहू लागले, की फडके घेऊन खाली बसताना ती जे ‘असू दे’ म्हणते, ते इथे अभिप्रेत आहे, असे माझे मत आहे.

लेखनाबद्दल: ‘परंतु’, ‘तथापि’ या तत्सम अव्ययांप्रमाणे ‘अस्तु’चाही अन्त्य स्वर मराठीत ऱ्हस्वच ठेवावा.