तंजावरचे मोडी रुमाल साताऱ्यात आणावेत का?

अजिंक्यतारा: तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले घराण्याचे मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेत. व्यंकोजीराजे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ. त्यांच्या वंशजांनी कावेरीकाठी मराठी टिकवली, १८०३ साली बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. हे कागद वाचणारे तिकडे कितीसे असणार? मोडीचे वर्ग भरतात ते आपल्याकडे. साताऱ्याची गादी १८४८ ला खालसा झाली, तंजावरची १८५५ ला. निदान मोडी दप्तर तरी साताऱ्यात यावं, असं माझं ठाम मत आहे.

औंधकर: अजिबात पटलं नाही. दादा, औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली डोंगरावर संग्रहालय उभं केलं. रविवर्म्याची चित्रं, हेन्री मूरचं शिल्प, ग्रंथसंग्रह, सगळं तिथंच. उद्या कुणी म्हणालं, मुंबईत जाणकार जास्त आहेत, तिकडे हलवा, तर आपण हलवू देऊ?

आणि सरस्वती महाल म्हणजे नुसतं मराठी दप्तर नव्हे. त्याची सुरुवात मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांच्या काळातली, बहुतेक पोथ्या संस्कृत. दुसऱ्या सरफोजीराजांनी (१७९८ ते १८३२) तो वाढवला. काशीयात्रेत पंडितांकडून पोथ्या नकलून घेतल्या, युरोपातून पुस्तकं मागवली. त्या पुस्तकांवर राजांची इंग्रजी सही आहे. डोळ्यांच्या रुग्णांची टिपणं तर बघण्यासारखी: आजार लिहिलेला आणि शेजारी त्या डोळ्याचं रंगीत चित्र. ही टिपणं तिथे ठेवायची आणि त्याच राजाचा मोडी कारभार साताऱ्यात, मग अभ्यासकाने काय करायचं? १९१८ पासून ते ग्रंथालय लोकांसाठी खुलं आहे. कुलपात नाही.

वाईची लेक: औंधकरांशी सहमत. वाचणारे नाहीत हेही खरं नाही. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने मोडी कागदांचे तमिळ अनुवाद छापलेत. तमिळ वाचक ते वाचतोय. शिवाय २०१९ च्या पुरात सांगलीत पुस्तकांचा लगदा झालेला आपण पाहिलाय. जुना कागद कशाला प्रवासाला काढायचा?

अजिंक्यतारा: सांगलीचा पूर साताऱ्याला लावू नका ताई, शहर डोंगराच्या कुशीत आहे. तमिळमध्ये आलं याचा आनंदच आहे, पण मग मराठीत का नको? समर्थ संप्रदायाचे मठ तंजावरात होते, तिथल्या भोसले घराण्याचा पत्रव्यवहार सज्जनगडाच्या पायथ्याच्या पोराला वाचायला मिळू नये? मूळ कागदांवरचा आपला हक्क मी सोडत नाही. तोवर प्रत्येक रुमालाची छायाप्रत तरी इथे हवी.

औंधकर: छायाप्रतीला माझी ना नाही. मात्र ती नुसती आणून भागणार नाही. मोडी उत्तम येणारी चार पोरं शिष्यवृत्ती देऊन वर्षभर तंजावरला बसवा, थोडं तमिळ शिकू द्या, तिथल्या अभ्यासकांबरोबर रुमाल सोडू द्या. खर्चाला आपण साताऱ्यातून वर्गणी काढू. पहिली माझी धरा.