मदत हवी आहे : आप्पांची नाकातली नळी बंद झालीय, आणि 'आता फक्त गोळ्या' म्हणजे नेमकं काय?

कपाशीवाला (धागाकर्ता), सकाळी ७:४०
सकाळपासून नळीतून काहीच आत जात नाहीये, पाणीसुद्धा नाही. जोर लावला की सिरिंजचा दांडा मागे येतो. आम्ही अमळनेरच्या पुढे खेड्यात. नळी घातली नाशिकला, तिथे लगेच जाणं शक्य नाही. वहिनी म्हणतात कोल्ड्रिंक सोडा, शेजारचे म्हणतात बारीक तार घाला. लवकर सांगा.
दुसरं म्हणजे आजार परत आल्यावर डॉक्टरांनी सलाइनची केमो न देता फक्त गोळ्या लिहून दिल्या. याचा अर्थ त्यांनी हात टेकले का? ताई म्हणते आजच्या आज टाटाला घेऊन निघा.

परिचारिका_धुळे, ७:५२
तार अजिबात नाही. नळीला आतून भोक पडतं आणि अन्ननलिकेला इजा होते. तुम्ही आजारच लिहिला नाही. तोंडाचा कर्करोग धरून चालू का? रेडिएशन झालंय का? नळीवर जाडीचा आकडा कोणता आहे? शेवटी आत काय घातलं? आप्पांना आत्ता खोकला, धाप, आवाजात घरघर आहे का? नाकाशी नळीवर जी खूण होती ती जागेवर आहे का?

कपाशीवाला, ८:०३
हो, गालाचा. ऑपरेशन, रेडिएशन सगळं झालं, आता मानेत परत आलंय. नळीवर १४. खोकला नाही, धाप नाही. पट्टीजवळ पेनाची रेघ आहे ती तिथेच आहे. रात्री गोळ्या कुटून दिल्या, मग दूध, वरून मोसंबीचा रस.

परिचारिका_धुळे, ८:१४
कारण तुमच्याच वाक्यात आहे. दूध आत असताना आंबट रस गेला की नळीतच दूध फाटतं, आणि कुटलेल्या गोळीचे कण त्या चोथ्यात अडकून बूच बसतं.
आधी तोंड उघडून टॉर्चने बघा, नळी घशात वेटोळं घालून बसलेली नाही ना. बाहेर कुठे मुडपलीय का तेही बघा. मग आप्पांना टेकवून बसवा. ५० मिलीचीच सिरिंज घ्या. लहान सिरिंजने दाब फार वाढतो आणि नळी फाटते. आधी मागे ओढून नळीत साचलेलं जमेल तेवढं काढा. मग २० ते ३० मिली कोमट पाणी भरून दांडा हलक्या हाताने थोडा पुढे, थोडा मागे करत राहा. एकदम ढकलू नका. नाही सुटलं तर पाणी तसंच आत ठेवून टोपण लावा आणि १५-२० मिनिटांनी पुन्हा करा. कोल्ड्रिंक नको, ते आम्ल आहे, उरलेलं दूध आणखी घट्ट होईल.
दोन-तीनदा करूनही सुटली नाही तर नळी काढून नवी घालावी लागेल. ती घरी नाही. गाठ आणि रेडिएशन झालेला घसा, रक्तस्राव होऊ शकतो. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात फोन करून आधी विचारा, नसेल तर धुळे किंवा जळगावचं शासकीय रुग्णालय.

सातपुडा_वारा, ८:२६
इतकं घाबरवू नका. कंपाउंडरही नळी घालतो. घातल्यावर सिरिंजने हवा मारायची आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवायचा. गुडगुड ऐकू आली की झालं.

परिचारिका_धुळे, ८:३१
नाही झालं. नळी श्वासनलिकेत गेली तरी गुडगुड पोटावर ऐकू येऊ शकते. म्हणून ती खूण विश्वासाची मानत नाहीत. नळीतून मागे ओढलेल्या द्रवाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा, कागदावर ५.५ किंवा कमी यायला हवा, नाहीतर एक्स-रे. त्याशिवाय एक थेंबही नको. दूध फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया.

सातपुडा_वारा, ८:३५
खेड्यात पीएच कागद कुठून आणणार?

परिचारिका_धुळे, ८:३७
म्हणूनच खेड्यात घालायची नाही, एक्स-रे आहे तिथे घालायची.

तापीकाठ, ८:४४
राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी टपरीवर मिळतोच. घरातल्या तरुणांची तंबाखू आजच सोडवा. आणि आप्पांना गव्हांकुराचा रस सुरू करा, रक्त वाढतं.

औषधवाली, ८:५०
तंबाखूचं बरोबर आहे, पण दादा आत्ता नळीत अडकलेत. गव्हांकुराचा कच्चा रस केमोच्या रुग्णाला नको. पांढऱ्या पेशी कमी असतील तर त्यातल्या जंतूंचा धोका, आणि त्याचा चोथा नळीत बसेल तो वेगळाच.
कपाशीवाला, तुम्ही गोळ्यांची नावं लिहिलेली नाहीत. पाकिटावरचं नाव, मिलिग्रॅम आणि किती गोळ्या दिल्यात हे जसंच्या तसं लिहा. हे नळीपेक्षा महत्त्वाचं आहे.

कपाशीवाला, ९:२५
नळी सुटली. दुसऱ्या वेळेला. पांढरा चोथा आला बाहेर.
गोळ्या : मेथोट्रेक्सेट २.५, एकूण ३६. सेलेकॉक्सिब २०० च्या कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ. पॅन्टोप्राझोल ४०. दुखलं तर आयबुप्रोफेन, ती घरातलीच. मेथोट्रेक्सेट अजून सुरू केली नाही, उद्यापासून रोज एक देणार. ३६ आहेत, म्हणजे महिना निघून सहा उरतात.

औषधवाली, ९:२९
थांबा. मेथोट्रेक्सेट रोज द्यायची नाही. चिठ्ठी पुन्हा वाचा, 'वीकली' किंवा 'आठवड्यातून एकदा' लिहिलेलं असणार. नसेल तर डॉक्टरांना फोन केल्याशिवाय एकही गोळी देऊ नका.
हिशोब बघा. मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिबच्या या पद्धतीत मेथोट्रेक्सेटचा डोस शरीराच्या पृष्ठभागावर ठरतो, दर चौरस मीटरला १५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. १.५ चौरस मीटरच्या माणसाला २२.५ मिलिग्रॅम, म्हणजे २.५ च्या ९ गोळ्या एका दिवशी. चार आठवड्यांच्या ३६. तुमचा आकडा तंतोतंत तिथेच बसतो, रोजच्या हिशोबात तो बसत नाही. नेमका डोस मात्र डॉक्टरांकडूनच खात्री करून घ्या.
रोज दिली तर एकेक गोळी छोटी वाटते, पण पेशींना सावरायला मधले दिवसच मिळत नाहीत. तोंड आतून सोलतं, जुलाब लागतात, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कोसळतात. माणूस दगावू शकतो.

कपाशीवाला, ९:४१
डॉक्टरांच्या सहायकाला फोन लागला. ९ गोळ्या, दर गुरुवारी. चिठ्ठीत खाली बारीक अक्षरात 'वीकली' आहेच. मेडिकलवाल्याने पाकिटावर काही लिहून दिलं नव्हतं.

औषधवाली, ९:५८
मग पाकिटावर जाड पेनाने 'फक्त गुरुवार' लिहा. इतर गोळ्यांच्या डब्यात ठेवू नका. कॅलेंडरवर दिल्याची खूण एकानेच करायची, नाहीतर दोघं दोनदा देतात.
आयबुप्रोफेन बंद. सेलेकॉक्सिब त्याच कुळातलं आहे, दोन्ही मिळून मूत्रपिंडावर भार येतो आणि मेथोट्रेक्सेट शरीरात साठते. ताप-लघवीसाठी कोणी को-ट्रायमोक्झाझोल लिहून दिलं तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं आधी सांगा, ती जोडी घातक आहे. फॉलिक अ‍ॅसिड द्यायचं का आणि कोणत्या दिवशी, तेही विचारा. रक्तातल्या पेशी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि लिव्हर यांची शेवटची तपासणी कधी झाली? आकडे टाका.
मेथोट्रेक्सेट खलबत्त्यात कुटू नका, पूड हवेत उडते. हातमोजे घालून, सिरिंजमध्ये गोळ्या आणि थोडं पाणी घेऊन तिथेच विरघळू द्या. गरोदर बाईने हात लावू नये. सेलेकॉक्सिबची कॅप्सूल उघडून पूड पाण्यात हलवून द्या, ती तळाशी बसते म्हणून सिरिंज पुन्हा पाण्याने धुऊन तेही आत सोडा. पॅन्टोप्राझोलवर आवरण असतं, कुटलं की पोटातल्या आम्लात औषध फुकट जातं आणि आवरणाचे तुकडे नळीत अडकतात. पाण्यात विरघळणारा पर्याय मागा.

बोरीकाठी, १०:२०
'हात टेकले का' याला कोणी उत्तर दिलं नाही, म्हणून लिहितो. नाही. हीच जोडी, मेथोट्रेक्सेट आठवड्याला आणि सेलेकॉक्सिब रोज दोनदा, टाटा मेमोरियलमध्येच सलाइनच्या सिस्प्लॅटिनसमोर तपासली गेली. ४२२ रुग्ण, निकाल २०२० मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये छापला. गोळ्यांच्या गटाचं मध्यम आयुष्य ७.५ महिने, सिस्प्लॅटिनच्या गटाचं ६.१. गंभीर दुष्परिणाम १९ टक्के विरुद्ध ३० टक्के. परत आलेल्या, ऑपरेशनने बरा न होणाऱ्या आजारासाठीचे हे आकडे आहेत. मध्यम म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले, निम्मे कमी. तुमच्या डॉक्टरांनी स्वस्तातलं काहीतरी लिहून पाठवलेलं नाही.

सातपुडा_वारा, १०:३४
मग इम्युनोथेरपी का नाही? तीही टाटानेच काढली ना? मी ताईंच्या बाजूने आहे, मुंबईला जा.

बोरीकाठी, १०:५२
प्रश्न योग्य आहे, पण ती टाटाने काढली नाही, कमी मात्रेत तपासली. त्यातलं औषध निव्होलुमॅब नेहमी दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम देतात, त्यांनी तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, सोबत मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब. १५१ रुग्ण होते. वर्षभरानंतर जिवंत असलेले निव्होलुमॅबशिवाय नुसत्या गोळ्यांच्या गटात १६.३ टक्के, निव्होलुमॅबसह ४३.४ टक्के. पण यासाठी आज गाडी पकडायची गरज नाही. फाइल, बायॉप्सीचा रिपोर्ट आणि स्कॅन घेऊन घरचा एकजण आधी आपल्याच डॉक्टरांना विचारू शकतो की कमी मात्रेचं निव्होलुमॅब आप्पांना बसतं का. आप्पा दिवसातला किती वेळ अंथरुणात असतात, स्वतः संडासला जातात का, यावर बरंच ठरतं. ते तुम्ही लिहिलं नाही.

कपाशीवाला, ११:०५
स्वतः जातात. दुपारी झोपतात. वजन ५० च्या आसपास, आधी ६२ होतं. साखर नाही.

परिचारिका_धुळे, ११:३०
वजन इतकं उतरलंय तर आधी पोटाकडे बघा. ५० किलोला दिवसाला साधारण १५०० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं. एका वेळी २०० मिली, दिवसातून आठ वेळा. नुसतं डाळीचं पाणी आठ वेळा दिलं तर माणूस भरल्या नळीने उपाशी राहतो. म्हशीचं दूध २०० मिली, साखर २ चमचे, तेल १ चमचा, यात पावणेतीनशेच्या वर कॅलरी जातात. असे पाच. उरलेले तीन प्रथिनांसाठी : घोटून गाळलेली मूगडाळ, दुधाची पावडर, उकडलेलं अंडं मिक्सरमधून. आधी ३० मिली पाणी, नंतर ३० ते ५० मिली. देताना आणि पुढे तासभर पाठ उंच. रस द्यायचा तर दुधापासून दोन तास लांब.

भरीतवाली, ११:४८
यात नाचणीची लापशी घाला, पण युक्तीने. घट्ट लापशी नळीतून उतरत नाही आणि पातळ केली की कस जातो. गहू रात्रभर भिजवून मोड आणा, सावलीत वाळवा, अगदी मंद भाजून दळा. लापशी घट्ट शिजवून खाली उतरवा, वाफ कमी झाली की हे पीठ १ चमचा घालून ढवळा. मोडातल्या विकरामुळे (एन्झाइम) पिष्ट (स्टार्च) तुटतं आणि पाचेक मिनिटांत लापशी ओतण्याइतकी पातळ होते. मग पुन्हा एक उकळी आणि गाळणी. उकळत्यात घातलं किंवा गहू जास्त भाजला तर विकर मरतं, काही होत नाही. केळं शक्यतो नको, आपल्या जळगावचं असलं तरी, त्याने नळी चिकटते.

तापीकाठ, १२:१०
मुंबईला जाणार असाल तर रेल्वेची सवलत घ्या. कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीला तिकीट माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. रेल्वेच्या ठरावीक नमुन्यात हॉस्पिटलचं पत्र लागतं. सरकारी मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा.

कपाशीवाला, १२:४०
मुंबई सध्या नाही, ताईला पटलं. मंगळवारी मोठा भाऊ फाइल घेऊन नाशिकला जातोय, निव्होलुमॅब आणि फॉलिक अ‍ॅसिडचं तोच विचारेल. आयबुप्रोफेन काढून घेतली, पण मग रात्री दुखलं तर काय द्यायचं?

औषधवाली, १२:५५
आज पॅरासिटामॉल ५०० चालेल का, कितीदा, हे त्याच सहायकाला विचारा. तापही त्याने झाकला जातो, म्हणून गोळीआधी थर्मामीटर लावा. पुरत नसेल तर भावाला सांगा मॉर्फिनचं विचारायला. २०१४ मध्ये कायदा बदलल्यापासून मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालंय. साधी मॉर्फिन दर चार तासांनी, नळीतून देता येते, औषध हळूहळू सोडणारी गोळी मात्र कुटायची नाही. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत.
ताप १००.४ फॅरेनहाइटच्या वर, तोंडात नवे फोड, काळी शौच, लघवी कमी किंवा कोरड्या खोकल्यासह धाप, यातलं काहीही दिसलं तर पुढचा गुरुवार थांबवून त्याच दिवशी डॉक्टर.

बोरीकाठी, १:१५
आप्पास्नी तब्येत आते कशी शे भाऊ? आणि क्रिएटिनिनचा आकडा अजून आला नाही. गुरुवारच्या आधी तो हवा.

कपाशीवाला, १:३२
बसलेत, दूध गेलं. रिपोर्ट मागच्या महिन्याचा आहे. उद्या अमळनेरला आप्पांचं रक्त तपासायला देतो, संध्याकाळी आकडे इथे टाकतो.