वर फेकलेला बॉल टोकाला थांबते, मग त्वरण झिरो काऊन नाही?

अकरावीतला_पोट्टा
अकरावी सायन्सला आहे. परवा क्लासच्या टेस्टमध्ये आलं होतं की सरळ वर फेकलेला बॉल सगळ्यात उंच जागी असताना त्याचं त्वरण किती. मी शून्य लिहिलं, कारण तिथं वेगच झिरो आहे ना, थांबतेच तो. सरांनी काट मारून ९.८ लिहिलं अन् विचारलं तर म्हणे घरी जाऊन विचार कर. दोन दिवस झाले विचारच करून राहिलो, काही समजून नाही राहिलं.

महालचा_काका
अबे पोट्ट्या, तुह्या घरी कोणाच्या खात्यातून गाडीचा हप्ता कटते का? खात्यातली शिल्लक म्हणजे वेग, अन् दर महिन्याले कटणारा हप्ता म्हणजे त्वरण. शिल्लक झिरो झाली म्हणून हप्ता थांबते का राजा? नाही थांबत, खातं मायनसमध्ये जाते. बॉलचंही तेच, दर सेकंदाले ९.८ कटून राहिले, कटता कटता झिरो आला, अजून एक सेकंद गेला तर मायनस ९.८, म्हणजे खाली. झिरो फक्त मधात लागलेला आकडा आहे.

अकरावीतला_पोट्टा
हप्त्याचं पटलं काका 😄 पण मग खाली येताना g (म्हणजे ते ९.८ चं त्वरण) प्लस नको का घ्यायला? १४.७ मीटरवरच्या गॅलरीतून ९.८ च्या वेगानं वर फेकला तर जमिनीवर किती वेळात पडेल, असं एक गणित आहे, तिथं दरवेळी घोळ होते.

चॉकडस्टर
वर म्हणजे प्लस असं एकदा ठरवलं की g पूर्ण वेळ मायनस, बॉल वर जावो की खाली, मधेच चिन्ह बदलायचं नाही. तुमच्यातले निम्मे इथंच मार्क घालवतात. जमीन गॅलरीच्या खाली, म्हणून विस्थापन −१४.७. मांड:

−१४.७ = ९.८ × वेळ − ४.९ × वेळेचा वर्ग

सगळ्याला ४.९ नं भाग दे, वेळेची दोन उत्तरं येतात, ३ आणि −१. पडायला ३ सेकंद. मायनस एक चूक नाहीये बरं का, तोच बॉल गॅलरीऐवजी खालून जमिनीवरून १९.६ नं फेकला असता तर एक सेकंद आधी फेकावा लागला असता, एवढंच ते सांगतंय. मला हे कॉलेज संपल्यावर कळलं, शिकवताना कोणी बोललंच नव्हतं.

जिन्यातला_गॅलिलिओ
मोबाईलवर बघ ना. भिंतीला शिवणकामाचा टेप चिकटव, संत्रं नुसतं सोड (फेकू नको), व्हिडिओ ३० फ्रेमचा ठेव अन् दर तिसरी फ्रेम थांबवून आकडा वाच, म्हणजे एक दशांश सेकंद. एकूण ४.९, १९.६, ४४.१, ७८.४ सेंटीमीटर यायला पाहिजे. आता लागोपाठची वजाबाकी कर, ४.९, १४.७, २४.५, ३४.३, म्हणजे एकास तीनास पाचास सात, दर वेळी वाढ सारखीच, म्हणून त्वरण बदलत नाही. हे गॅलिलिओनं १६३८ साली छापलं, ते पण उतरत्या फळीवर गोळे सोडून, सरळ पडणारी वस्तू मोजायला तेव्हा घड्याळच नव्हतं तसं. पीस किंवा कागद घेऊ नको, हवा मधे येते.

अकरावीतला_पोट्टा
केलं. वजाबाकी ५, १५, २४ आली, चौथ्या फ्रेममध्ये नुसता केशरी पट्टा दिसून राहिला. तिसऱ्यांदा सोडलं तेव्हा संत्रं फुटलं, आता जिना पुसून राहिलो.