'अटॅक' वाढवला की नेमकं काय वाढतं?

सहातारी

मी शाळकरी मुलांना गिटार शिकवतो, बहुतेक मराठी माध्यमातली. यंदा तिघांनी इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि वर्गासाठी एक जुनं कॉम्प्रेसर पेडल मिळालं, म्हणजे गिटारचा फार मोठा झालेला आवाज आवरणारी पायाने चालू-बंद करायची डबी; बॉस कंपनीचं निळं सीएस-३. त्यावर चार नॉब आहेत: लेव्हल, टोन, अटॅक, सस्टेन. मुलांसाठी दोन पानांचं मराठी टिपण लिहायला बसलो आणि 'अटॅक'पाशी अडकलो.

मी लिहिलं होतं, "अटॅक वाढवला की पेडल स्वराला लवकर दाबतं." एका मुलीने नॉब उजवीकडे फिरवला तर उलटंच झालं. तार छेडल्याचा 'टक्' आणखी ठसठशीत ऐकू आला, म्हणजे पेडल स्वराला उशिरा दाबत होतं. ती म्हणाली, "सर, हे वाक्य चुकलंय." तिचं बरोबर होतं.

अटॅक म्हणजे स्वराचा आरंभ, तार छेडली त्या क्षणाचा ठोका. आणि अटॅक म्हणजेच यंत्राला जाग यायला लागणारा वेळ. पहिला वाढतो तेव्हा यंत्र सुस्तावलेलं असतं. या दोन गोष्टींना मराठीत दोन वेगळे शब्द मिळतील का?

धैवत

पहिल्या अर्थासाठी 'आघात' तयार आहे. सतारीवर मिजराबीचा आघात म्हणतातच. दुसऱ्यासाठी 'पकड' सुचवतो. यंत्र स्वराला किती लवकर पकडतं, ती पकड.

मोगरीचं झाड

'पकड' नको. रागाची पकड म्हणजे ज्या स्वरसमूहावरून राग ओळखू येतो तो. ज्या मुलाने थोडं जरी शास्त्रीय शिकलंय त्याचा गोंधळ होईल.

शुद्धमराठी

मुळात 'कॉम्प्रेसर' तरी का ठेवायचा? संपीडक म्हणा. पाठ्यपुस्तकात संपीडन हा शब्द आहे, मुलांना परका नाही. आपणच वापरला नाही तर कोण वापरणार?

जुना वायरमन

पाठ्यपुस्तकात आहे म्हणूनच नको. तिथे ध्वनिलहरींचं संपीडन आणि विरलन येतं. हवेचे कण जवळ येतात ते संपीडन, लांब जातात ते विरलन. या पेडलमध्ये हवा कुठेच दाबली जात नाही. पिकअपमधून, म्हणजे तारेचं कंपन टिपणाऱ्या गिटारवरच्या चुंबकी भागातून आलेल्या विजेच्या संदेशाचा मोठा भाग आवरला जातो, एवढंच. मूल म्हणेल, मग याचं विरलन कुठे आहे?

आणि कोणी 'दाबक' सुचवायच्या आत सांगतो. विद्युतदाब म्हणजे व्होल्टेज. नऊ व्होल्टच्या पेडलला दाबक म्हटलं तर आमच्या धंद्यातला माणूस भलतंच समजेल.

परभणीकर

आमच्याकडे कंप्रेसर म्हणजे विहिरीच्या सुरुंगासाठी भोकं पाडणारं ट्रॅक्टरवरचं यंत्र. शहरात फ्रिजचा. गिटारवाल्यांचा हा तिसरा. तिन्ही एकाच शब्दात सुखाने नांदतात, कारण बोलणाऱ्याला संदर्भ ठाऊक असतो. शब्द बदलण्याऐवजी काम समजावून सांगा.

कामाला उपमा हवी असेल तर पेरणीआधी शेतात फळी फिरवतो ती द्या. उंचवटे मोडतात, जमीन एकसारखी होते. खड्डा मात्र आपोआप भरत नाही.

सहातारी

फळीची उपमा वर्गात नक्की सांगणार. खड्ड्याचंही बरोबर आहे. मुलांना वाटतं पेडल बारीक आवाज मोठा करतं. आधी ते फक्त मोठा आवाज खाली आणतं. एका पातळीपर्यंत काही करत नाही, त्या पातळीच्या वरचं तेवढं आवळतं. प्रमाण चारास एक असेल तर पातळीच्या 8 डेसिबल वर गेलेला आवाज 2 डेसिबलच वर राहतो. मग आपण लेव्हलने सगळंच उचलतो, तेव्हा विरत चाललेली शेपटी ऐकू यायला लागते. त्यालाच आपण सस्टेन वाढला म्हणतो. तारेत नवा जीव येत नाही.

म्हणून वर्गात मी खोलीतली ट्यूबलाइट बंद करून मग पेडल लावतो. एकाच वेटोळ्याचे सिंगल कॉइल पिकअप ट्यूबलाइटची गुणगुण पकडतात, आणि तीही त्याच शेपटीसोबत वर येते.

धैवत

सस्टेनसाठी तर मराठीत इतका सुंदर शब्द आहे: आस. छेडल्यानंतर तारेत उरतो तो नाद. चांगल्या सतारीची आस लांब असते, त्यावरच मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं, उभी राहते. आस संपली की मींड अर्ध्यातच मरते. स्लाइड वाजवणाऱ्यांना कॉम्प्रेसर प्रिय असतो त्याचं कारण हेच आहे. सळई तारेवर सरकत पुढच्या स्वरापर्यंत पोचेतो मागचा नाद जिवंत हवा.

वेंगुर्लेकर

मला 'दमसास' जास्त जवळचा. आमचे आजोबा नाट्यसंगीताच्या बैठकीहून आले की पहिलं बोलायचे ते गवयाच्या दमसासाबद्दल. ताना, सूर, सगळं मागाहून. सस्टेन म्हणजे स्वर टिकवण्याची ताकद, आणि ती आपल्याकडे दमसासच.

धैवत

दमसास गाणाऱ्याचा, त्याच्या श्वासाचा. तारेला श्वास नाही. तार एकदा छेडली की तिच्यावर आपला ताबा संपला, पुढे उरते ती आस. गवई स्वर मध्येच फुगवू शकतो, तार नाही.

वेंगुर्लेकर

मग पेडल काय करतं? तारेच्या हातात नाही ते करून देतं, तिला श्वास देतं. कॉम्प्रेसर फार लावला तर प्रत्येक ठोक्यानंतर आवाज दबतो आणि पुन्हा वर येतो, तेव्हा अगदी धाप लागल्यासारखं ऐकू येतं. दमसास, धाप, सगळं एकाच घरातलं आहे. माझा शब्द मागे घेणार नाही.

मोगरीचं झाड

'आस'वरून आठवलं. माझ्या गुरू म्हणायच्या की पुढच्या स्वराची आस लागते म्हणून ती आस, आशेतली. मला ते अजून पटतं.

शुद्धमराठी

मला वाटतं ती संस्कृत 'आस्' धातूतली असावी, बसणे, राहणे. आसन ज्यातून येतं तो. मागे राहतो तो नाद. आशेशी संबंध जोडणं गोड आहे, पण ओढूनताणून.

मोगरीचं झाड

गुरूंनी हातात सतार देऊन सांगितलेलं ओढूनताणून कसं असेल?

जुना वायरमन

मूळ प्रश्नाकडे येतो. अटॅकचा घोळ मराठीने केलेला नाही, तो नॉबवरच आहे. 1176 नावाचा स्टुडिओतला जुना कॉम्प्रेसर, 1960 च्या दशकातला, त्याचा अटॅक नॉब उजवीकडे नेला की यंत्र जलद होतं. तिथला सगळ्यात सुस्त अटॅकही 800 मायक्रोसेकंद, म्हणजे मिलिसेकंदाच्या आतच. सहातारी यांच्या सीएस-३ वर उजवीकडे नेलं की ठोका टोकदार होतो. नाव एक, दिशा उलट. त्यामुळे टिपणात 'वाढवा' हे क्रियापदच नको. "टक् हवा असेल तर इकडे, नको असेल तर तिकडे" असं लिहा.

आणि नवशिक्यांना चार नॉबांचं पेडल देऊच नये, असं माझं ठाम मत आहे. एमएक्सआर कंपनीच्या डायना कॉम्प या जुन्या लाल कॉम्प्रेसर पेडलवर दोनच नॉब: आउटपुट आणि सेन्सिटिव्हिटी. अटॅक ठरलेला. दोन महिने कान तयार होऊ दे.

सहातारी

क्रियापद काढून टाकतो, हे फार उपयोगी झालं. दोन नॉबांचं मत मात्र पटत नाही. त्या मुलीला चूक सापडली ती अटॅकचा नॉब हाताशी होता म्हणून. दोन नॉबांवर तिला फक्त "जास्त" आणि "कमी" कळलं असतं.

'आघात' पहिल्या अर्थासाठी घेतला. दुसऱ्यासाठी अजून शब्द नाही. 'रिलीज'ची, म्हणजे दाबलेला स्वर यंत्राने पुन्हा मोकळा करायला लागणाऱ्या वेळाचीही जागा रिकामी आहे. 'सोड' म्हणू का?

शुद्धमराठी

'सोड' छान आहे. पण टिपणात 'पेडल' किती वेळा आलंय! पायपट्टी म्हणता येणार नाही का? पायाने वाजवायच्या पेटीला आपण पायपेटी म्हणतोच.

परभणीकर

पायपेटी शब्द लोकांनी घडवला, समितीने नाही. आणि सायकलमुळे आपल्याकडे पेडलचं मराठी कधीच झालंय: पायडल. शिवणयंत्रालाही पायडलच. गिटारवाल्यांनी तो घ्यावा.

वेंगुर्लेकर

पायडल मारतात, सतत. गिटारचं पेडल एकदा दाबून सोडून देतात, ते बटणच आहे. पायपेटीचं मात्र खरं पायडल, दोन्ही पाय चालू ठेवून भाता भरायचा. भाता रिकामा झाला की स्वर बसला. बघा, पुन्हा दमसासच आला.

मोगरीचं झाड

पायडलचं लिंग कोणतं धरायचं? आम्ही पुण्यात 'ते पेडल, ती पेडलं' म्हणतो.

परभणीकर

आमच्याकडे 'पायडल तुटला'. पुल्लिंगी.

जुना वायरमन

माझ्या दुकानात येणारी पोरं 'पेडल्स' म्हणतात आणि एकालाही 'पेडल्स'च म्हणतात. ते मात्र मी दुरुस्त करतो.